आठ यार्डांचा पाहुणा

इंग्लंडात एखाद्या घराच्या दारात पिवळी लोखंडी पेटी येऊन पडली की गल्लीला जे कळायचं ते कळतं. आपल्याकडे मांडव पडला की लग्न आहे की मुंज, खर्च कुणाचा आणि आचारी कुठला याचा अंदाज सुरू होतो, तसंच हे. पेटी लहान असेल तर बाथरूमचं काम. मध्यम असेल तर स्वयंपाकघराचं. आणि पेटीत आधी फुलाफुलांचे पडदे, मग कार्पेट, मग काचेच्या दारांचं कपाट पडू लागलं तर समजायचं, कोपऱ्यावरच्या आजीबाई गेल्या आणि मुलांनी घर विकायला काढलं. कुणी कुणाला काही विचारत नाही. इंग्रज शेजारी हवामानाच्या पलीकडचा प्रश्न विचारत नाही. पण फिरायला निघालेलं त्याचं कुत्रं नेमकं त्या पेटीपाशी थांबतं आणि तेवढ्यात मालकाची नजर आतून फिरून येते.

या पेटीला स्किप म्हणतात. ती भाड्यानं मिळते. लॉरी येते, रिकामी पेटी ठेवून जाते, आठवडा-दोन आठवडे तुम्ही ती भरता, लॉरी येऊन भरलेली घेऊन जाते. ऐकायला इतकं सोपं आहे की आम्हीही फसलो.

रेडिंगमधलं आमचं घर 1930च्या दशकातलं. स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली यांच्यामधली भिंत पाडायची आणि मागचं गॅरेजही, असं ठरलं, त्याच उन्हाळ्यात सासरे डोंबिवलीहून आले. आप्पा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. खात्याच्या लेखी ते निवृत्त आहेत. आल्याच्या दुसऱ्या दिवशी भिंतीवर दोन टिचक्या मारून त्यांनी 'साडेचार इंची आहे, हिच्यावर काही भार नाही' असं सांगून टाकलं. नंतर बिल्डरनं येऊन तेच सांगितलं आणि त्याचे पैसे लावले.

स्किपवाल्यांना फोन मी केला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "किती यार्डांची देऊ, लव्ह?"

फोन स्पीकरवर होता. आप्पांनी आधी 'लव्ह' कुणाला म्हटलं याची खात्री करून घेतली आणि मग यार्डाकडे वळले. "यार्ड ही लांबी झाली. घन यार्ड म्हणायला सांग तिला."

या देशात पेट्रोल लिटरनं मिळतं, रस्ता मैलानं मोजतात, पबमधली बिअर पाइंटानं आणि स्वतःचं वजन दगडांत सांगतात. स्किप घन यार्डात येते आणि त्यातला घन गिळून टाकायचा असतो. दोन-तीन यार्डांची मिनी, चार-पाचांची मिडी, सहा आणि आठ यार्डांची बिल्डर लोकांची, पुढे बारा-सोळा. आप्पांनी पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस, सत्तावीस आठे दोनशे सोळा. "दोन ब्रास, वर सोळा घनफूट. म्हणजे आपला वाळूचा एक ट्रक. मग सरळ एक ट्रक म्हणायला काय होतं यांना?"

मोठीच घ्यावी, असं कुणालाही वाटतं. पण विटा, माती, काँक्रीट असला जड माल आठ यार्डांच्या वरच्या स्किपमध्ये भरू देत नाहीत. आठ यार्डांत मलबा भरला की तो सात-आठ टनांवर जातो आणि लॉरीच्या हातांना त्याहून जास्त पेलवत नाही. बारा यार्डांची पेटी खोकी, लाकूडसामान असल्या हलक्या मालासाठी. आणि अख्खं घरच रिकामं करून पाडायचं असलं तर वीस ते चाळीस यार्डांचे डबे येतात. ते लॉरीच्या पाठीवरून आकड्यानं खाली घसरवतात. असा डबा आमच्या गल्लीत आला असता तर गल्लीला दुसरं काहीच उरलं नसतं.

भाडं तीनशे पौंडांच्या आसपास. म्हणजे तीस हजार रुपयांच्या वर. आप्पांनी आकडा ऐकला आणि समाधानानं मान हलवली.

"बरे देतात की! माल बघितल्यावर आणखी वाढवतील."

पैसे आपण द्यायचे आहेत, हे त्यांना सांगायचं काम नवऱ्यानं माझ्यावर सोपवलं आणि तो मीटिंगला गेला.

आप्पांचं चुकलं कुठे? आपल्याकडे जुना वाडा पाडायचा म्हटलं की पाडणारा कंत्राटदार तुम्हाला किती देणार, यावर घासाघीस होते. सागवानी तुळया, चौकटी, खिडक्यांचे गज, लोखंडी सळया, आख्ख्या निघालेल्या विटा, सगळ्याला भाव असतो. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथे तुम्हाला तुमच्याच आजोळच्या दाराची कडी विकत मिळू शकते. मुंबईत जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात जुन्या इमारतींचं बर्मा टीक पॉलिश मारून उभं असतं आणि त्याची किंमत ऐकून आपण फक्त हात फिरवून येतो. घरातली रद्दी, डबे, बाटल्यासुद्धा भंगारवाला किलोनं घेतो, आणि त्याचा काटा खोटा आहे यावर आपण पाच मिनिटं भांडतो. टाकण्यासाठी आपल्या खिशातून पैसे मोजायचे, ही कल्पना त्या संस्कृतीतून आलेल्या माणसाला पचायला जड जाते. आप्पांनी त्या दिवशी दुपारचा चहा घेतला नाही.

भाव न येणारा एकच माल आपल्याकडे आहे, तो म्हणजे राबिट. फोडलेल्या टाइल्स, प्लॅस्टर, विटांचे तुकडे. डोंबिवलीत आप्पांनी बाथरूम नवं केलं तेव्हा सोसायटीनं आधी डिपॉझिट घेतलं, दुपारी दोन ते चार ठोकाठोकी बंद ठेवली आणि 'लिफ्टमधून राबिट नेऊ नये' अशी पाटी लावली. मग कंत्राटदाराची पोरं गोण्या डोक्यावर घेऊन जिने उतरली. गोण्या दोन दिवस गेटपाशी बसल्या. तिसऱ्या रात्री टेम्पो आला. कुठे नेतोस, असं आप्पांनी विचारलं तेव्हा टेम्पोवाल्यानं हात हवेत फिरवून 'तिकडं' असं सांगितलं. या 'तिकडं'ची हद्द फार मोठी आहे. मुंबई-ठाण्याकडे तिच्यात खाडी आणि खारफुटी येते, पुण्याकडे नदीपात्र येतं, आणि इतर सगळीकडे दुसऱ्याचा रिकामा प्लॉट येतो.

कागदावर सगळं जागच्या जागी आहे. 2016च्या नियमांनी सांगितलं की राडारोडा ज्याचा त्यानं आपल्या आवारात साठवायचा. रस्त्यावर, गटारात टाकायचा नाही. दिवसाला वीस टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला तीनशे टन निघत असेल तर काँक्रीट, माती, विटा-चुना आणि पोलाद-लाकूड-प्लॅस्टिक असे चार ढीग वेगळे ठेवायचे. मुंबई महापालिकेची 'डेब्रिज ऑन कॉल' सेवा आहे, पुण्याचा प्रक्रिया प्रकल्प वाघोलीला आहे. कचरा टाकायला जागाच नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयानं 2016 साली शहरातल्या नव्या बांधकामांवरच बंदी आणली होती. 2018मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राडारोडा ठरल्या जागी टाकायच्या अटीवर ती सैल केली. एवढं सगळं आहे. फक्त टेम्पोवाल्याचा फोन पहिल्या रिंगला लागतो.

इथे तो फोन तीनशे पौंडांचा असतो, कारण जमिनीत कचरा पुरण्यावर कर आहे. 1 ऑक्टोबर 1996 रोजी तो सुरू झाला तेव्हा टनाला सात पौंड होता. एप्रिल 2025मध्ये तो 126.15 पौंडांवर गेला. विटा, माती, काँक्रीट असा निरुपद्रवी माल असेल तर मात्र तेव्हा टनाला 4.05 पौंडच होता. त्यामुळे स्किपवाले पेटी आपल्या आवारात उलटी करून लोखंड, लाकूड, विटा वेगळं काढतात, विटा भरडून खडी म्हणून विकतात आणि उरेल तेवढंच पुरायला पाठवतात. हे ऐकल्यावर आप्पांचा राग थोडा उतरला. "म्हणजे भंगारवालाच हा. फक्त दोन्हीकडून घेतो."

पेटी उचलून ओतायची युक्ती अमेरिकेतल्या नॉक्सव्हिल शहराच्या जॉर्ज डेम्पस्टर या कंत्राटदाराची. 1930च्या दशकात त्यानं लॉरीवर चढवता येणाऱ्या कचरापेट्या आणल्या आणि अमेरिकेत त्या त्याच्याच नावावरून ओळखल्या जाऊ लागल्या. पुढे तो त्या शहराचा महापौरही झाला. हे मी आप्पांना कौतुकानं सांगितलं. ते म्हणाले, "आपल्याकडे उलट असतं. आधी महापौर होतात, मग कचऱ्याचं कंत्राट."

स्किप ठेवायची कुठे, हा पुढचा प्रश्न. रस्त्यावर ठेवायची तर 1980च्या हायवेज ॲक्टचं कलम 139 आडवं येतं. त्यासाठी कौन्सिलची परवानगी लागते, तिची फी भरावी लागते, अंधार पडला की पेटीवर दिवे लागतात आणि मालकाचं नाव आणि फोन नंबर किंवा पत्ता दिसेल असा लिहावा लागतो. आप्पांच्या गावी शेजाऱ्यांनी टाकलेला खडीचा ढीग रस्त्यात तीन पावसाळे होता. त्यावर मुलं खेळली, कुत्री व्याली, आणि निवडणुकीत त्यावर उभं राहून भाषणही झालं. परवानगी कुणी कुणाला मागायची, हेच ठरलं नव्हतं. शेवटी आम्ही पेटी आमच्याच अंगणात, गाडी काढून त्या जागी ठेवायचं ठरवलं. तिथे परवानगी लागत नाही, फक्त फरशी फुटू नये म्हणून खाली फळ्या टाकायच्या.

मग आली यादी. काय टाकायचं नाही, याची. रंगाचे डबे नाहीत, बॅटऱ्या नाहीत, टायर नाहीत, फ्रिज नाही, टीव्ही नाही, ट्यूबलाइट नाहीत, गॅस सिलिंडर नाही. गादी टाकायची तर वेगळे पैसे. प्लॅस्टरबोर्ड वेगळा ठेवायचा, कारण त्यातलं जिप्सम कुजक्या कचऱ्याबरोबर पुरलं की सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू सुटतो. सोफा तर 2023च्या जानेवारीपासून मुळीच मिसळायचा नाही. ब्रिटिश सोफा पेटू नये म्हणून त्याच्या कापडात आणि फोममध्ये वर्षानुवर्षं जी रसायनं घातली, ती आता इतकी घातक ठरली आहेत की असा सोफा वेगळा नेऊन जाळावाच लागतो. आप्पांनी यादी दोनदा वाचली आणि विचारलं, "मग या पेटीत ठेवायचं काय? देव?"

यादीत शेवटी, ठळक अक्षरांत, ॲस्बेस्टॉस. आमच्या गॅरेजचं छप्पर त्याचंच निघालं. इथे 1999पासून ॲस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी आहे. त्यासाठी वेगळी माणसं बोलवावी लागली. ती पांढरे झगे, मुखवटे, हातमोजे घालून आली. त्यांनी पत्र्यांवर पाणी शिंपडलं, एकेक पत्रा न तोडता हलक्या हातानं उतरवला, जाड प्लॅस्टिकमध्ये दुहेरी गुंडाळला, चिकटपट्ट्या लावल्या आणि धोक्याची चिठ्ठी डकवली. आप्पा स्वयंपाकघराच्या बंद खिडकीतून बघत होते. पत्रा उजेडात आला तेव्हा त्यांनी ओळखला.

"अगं, हा तर सिमेंटचा पत्रा!"

तोच. आप्पांचं बालपण त्याच्याखाली गेलं. त्याला भोक पाडून त्यांनी स्वतः दिव्याची वायर घातली आहे. उन्हाळ्यात त्यावर पापड वाळले आहेत. आपल्याकडे तो आजही दुकानात मिळतो आणि टेम्पोतून उघडा जातो. आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खोकला मात्र मला कधीच नव्हता," आणि त्यानंतर दोन दिवस ते मुद्दाम खोकून बघत होते.

स्किप आली ती सकाळी सातला. ड्रायव्हर साठीचा, तोंडात अर्धी सिगारेट. आमच्या फाटकात आणि त्याच्या लॉरीत दोन्हीकडे हातभर जागा नव्हती. आप्पा पायजम्यावर बाहेर गेले, मागे उभे राहिले आणि हात करून सांगू लागले, "येऊ द्या, येऊ द्या... डावीकडे मारा... येऊ द्या... बस्स!" ड्रायव्हरला मराठीचा एक शब्द येत नव्हता. तो अगदी 'बस्स'वर थांबला. साखळ्या खळाळल्या, लॉरीचे दोन लोखंडी हात मागे झुकले आणि पेटी फळ्यांवर आवाज न करता टेकली. दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. लग्नानंतर इतक्या वर्षांत माझ्याकडे बघून आप्पांनी तशी मान हलवलेली नाही.

भरण्याचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. बिल्डरची पोरं वरून काहीही भिरकवायची. आप्पांना ते सहन होईना. तळाशी सपाट माल, म्हणजे दारं, फळ्या, कपाटांच्या बाजू. कपाट आख्खं टाकायचं नाही, खोलून टाकायचं. सिंकच्या पोटात टाइल्सचे तुकडे. पाइपांच्या मधल्या फटीत प्लॅस्टर. खात्यात असताना ट्रकमधल्या खडीचं माप घेताना पोकळीची वजावट करणारा हा माणूस. "हवेचं भाडं भरायचं नाही," त्यांनी पोरांना हातवारे करून बजावलं आणि रोज संध्याकाळी पेटी किती भरली याची नोंद एका वहीत करू लागले. वहीवर एम.बी., म्हणजे मेजरमेंट बुक, असं लिहिलं होतं.

अडचण एकच होती. संध्याकाळी पेटी सकाळपेक्षा रिकामी दिसायची.

कारण आप्पा जेवढं रचायचे तेवढंच बाहेर काढायचे. दारं गेली तळाला, पण बिजागऱ्या निघाल्या, त्या पितळेच्या होत्या. मुठी निघाल्या. मग दारंच परत निघाली, 'लाकूड बघ, आता असं मिळत नाही.' लाल फरश्या निघाल्या. जुने स्क्रू जॅमच्या बाटलीत गेले, वाकडे खिळे सरळ होऊन दुसऱ्या बाटलीत. मागच्या हिरवळीवर ताडपत्रीखाली एक नवं गॅरेज उभं राहू लागलं. "हे कशाला लागणार आहे?" असं नवऱ्यानं विचारलं. या प्रश्नाला मराठीत एकच उत्तर आहे आणि ते आप्पांनी दिलं: "लागेल."

दिवसा असं. रात्री उलटं. पहिल्या सकाळी पेटीत प्लॅस्टिकचं ख्रिसमसचं झाड होतं. दुसऱ्या सकाळी बाबागाडी आणि मायक्रोवेव्ह. तिसऱ्या सकाळी एक डबलबेडची गादी, मध्यभागी खड्डा पडलेली. गल्लीतल्या ज्या माणसांनी आमच्याकडे कधी साखर मागितली नाही, ती रात्री सपाता घालून आमच्या अंगणात येत होती. कायद्यानं बघायला गेलं तर दुसऱ्याच्या स्किपमधून विचारल्याशिवाय काही उचललं तर ती चोरी धरता येते, आणि न विचारता त्यात टाकणं हेही चालत नाही. म्हणजे आमच्या गल्लीत दिवेलागणीनंतर कायदा पाळणारा माणूस शोधावा लागला असता.

उघडपणे आले ते एकटे समोरचे गृहस्थ. तुमची काही हरकत नसेल तर, आणि जागा असेल तरच, आणि नसेल तर अगदी काही बिघडत नाही, पण एक छोटीशी वस्तू टाकली तर चालेल का, असं त्यांनी विचारलं. छोटीशी वस्तू म्हणजे गवत कापायचं यंत्र होतं. आप्पांनी ते पेटीत पडू दिलं नाही. दुपारभर खोललं, पाती घासली, कसलंसं तेल घातलं आणि संध्याकाळी सुरू करून, पुसून, समोरच्यांच्या दारात नेऊन उभं केलं. त्यांनी इतक्या वेळा आभार मानले की आप्पा संकोचले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते यंत्र आमच्या स्किपमध्ये होतं. गादीखाली.

न्यायच्या आदल्या दिवशी पेटी काठोकाठ भरली आणि आणखी एक ढीग उरला. यावर इथले लोक एक उपाय करतात. जुनी दारं पेटीच्या कडेनं उभी खोचायची, म्हणजे तिची उंची वाढते. आप्पांनी हिरवळीवरची दारं आणून तो केला. आपलं 'लागेल' खरं ठरल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिवसभर होता.

ड्रायव्हर आला, त्यानं पेटीभोवती एक फेरी मारली आणि मान हलवली. या वेळी आडवी. माल कडेच्या वर असेल तर रस्त्यानं नेता येत नाही, त्याला दंड होतो. आप्पा म्हणाले, शिगोशिग हे माप आहे. ड्रायव्हर म्हणाला, सपाट. मी मध्ये उभी राहून दुभाषाचं काम करत होते, पण दोघांना माझी गरज दिसली नाही. आप्पांनी वही उघडून नोंदी दाखवल्या. ड्रायव्हरनं पेटीच्या कडेवरची रेघ दाखवली. शेवटी दारं निघाली, ढीग निघाला, आणि ड्रायव्हरनं सगळ्यांत वरची गादी दोन्ही हातांनी उचलून आमच्या अंगणात ठेवली. गादीचे पैसे भरलेले नव्हते.

त्यानं कागद पुढे केला. कचरा कुणाचा, कसला, किती, कोण नेतोय, सगळं त्यावर लिहिलेलं असतं आणि दोघांनी सह्या करायच्या असतात. आप्पांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला, मापाच्या रकान्यावर बोट ठेवून 'अंदाजे' असं लिहायला लावलं, मग सही केली आणि प्रत मागून घेतली. साखळ्या ताणल्या, पेटी उचलली गेली. खालच्या फळ्या आप्पांनी ताबडतोब गोळा केल्या.

गादी अंगणातच होती. कौन्सिलला फोन केला तर ते पैसे घेऊन, पुढच्या महिन्यातली तारीख देत होते. गादी कुणाची, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक असावं, कारण तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं. कुत्रीसुद्धा.

त्याच आठवड्यात समोरच्या गृहस्थांनी बाथरूमचं काम काढलं आणि त्यांच्या दारात स्किप आली. सहा यार्डांची. रात्री जेवताना आप्पा बराच वेळ खिडकीतून तिच्याकडे बघत होते. ताक संपवून त्यांनी भांडं खाली ठेवलं आणि मला हळूच विचारलं, "ही समोरची माणसं झोपतात किती वाजता?"